सोळा नंबरने ऐकलेला आवाज

शनिवार, दुपार

प्रिय सोळा नंबर,

लिफाफ्यावर तुझं खरं नाव आहे, ते तुझ्या मैत्रिणीने तिच्या हाताने घातलंय. पण माझ्या तोंडी तू सोळा नंबर म्हणूनच बसली आहेस, तेव्हा रागावू नकोस. आम्हा परीक्षेच्या पेशंटांना तुम्हा मुलांची नावं कोणी सांगत नाही आणि तुम्हाला आमची सांगत नाहीत. तुम्ही नंबर, आम्ही खाट. मी खाट चार. आता तरी आठवलं का? पांढऱ्या मिशा, बोटांना वाळलेला सरस आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. तुमच्या कॉलेजातली पोरं ज्याला मायट्रल काका म्हणतात, तो मी.

आधी फोन करून पाहिला. तू उचलत नाहीस. मैत्रीण म्हणाली की काका, ती माझासुद्धा उचलत नाही, तुमचा कशाला उचलेल. मेसेज पाठवला तर तो वाचल्याची खूणही येत नाही. मग म्हटलं, जन्मभर दुसऱ्यांचे कागद शिवले, एकदा आपणही एक लिहून बघावा. अक्षर वाकडंतिकडं येतंय, कारण कागद धरायच्या डाव्या हाताला सलाइनची सुई आहे आणि कागद जेवणाच्या ट्रेवर ठेवलाय. हो, मी दवाखान्यात आहे. परीक्षेपुरता नव्हे, खराखुरा. घाबरण्यासारखं काही नाही, किंवा आहे ते पुढे सांगतो. आधी तुझं.

तुझं मला कळलं ते असं. बाकी सगळ्या विषयांत तू पास आणि मेडिसिनच्या प्रात्यक्षिकात नापास. निकाल लागला त्याच दिवशी तू दोन खोक्यांत पुस्तकं भरलीस, हॉस्टेलची खोली सोडलीस आणि घर गाठलंस. आता वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात बसतेस आणि गिऱ्हाइकांना काचा पुसून देतेस. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला येत्या शुक्रवारपर्यंत मुदत आहे आणि तो तू भरणार नाहीस. आईने खोदून विचारलं तेव्हा म्हणालीस, माझे कानच डॉक्टरचे नाहीत. चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचं काम असतं, तिथे कान नसले तरी चालतं, असंही वर म्हणालीस म्हणे. विनोद चांगला आहे. एरवी मी तो चार जणांना सांगितला असता. पण तुझ्या मैत्रिणीने तो मला सांगितला तेव्हा मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. का, ते सांगायला मला जरा मागून सुरुवात करावी लागेल. म्हाताऱ्याचं पत्र आहे, लांबणारच.

माझं बाइंडिंगचं दुकान तू पाहिलं असशील. कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर, झेरॉक्सवाल्याला लागून. पुठ्ठे, कापड, दोरा, सरस आणि मधोमध मी. बावीस वर्षांपूर्वी वरच्या फळीवरचे पुठ्ठे काढायला शिडीवर चढलो आणि चौथ्या पायरीवरच धाप लागून बसलो. तुझी काकू मला हाताला धरून समोर घेऊन गेली, रस्ता ओलांडायचा एवढाच काय तो प्रवास. तिथे तुमचे मेडिसिनचे मोठे सर होते. तेव्हा ते मोठे नव्हते, केस काळे होते आणि शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं. त्यांनी छातीला नळी लावली, मला डाव्या कुशीवर वळवलं, पुन्हा लावली आणि मग दारात जाऊन हाक मारली की सगळे या, असं स्वच्छ रोज ऐकायला मिळत नाही. दहा पोरं रांगेत उभी राहिली. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात माझ्या हृदयाची मायट्रल नावाची एक झडप आखडली होती. कोपऱ्यात काकू डोळे पुसत होती आणि मी मात्र नवरदेवासारखा पडून होतो. दहा शिकलेली माणसं एका वेळी माझ्याकडे एवढं लक्ष देतायत, हे जन्मात पहिल्यांदाच घडत होतं.

तेव्हापासून दर परीक्षेला वॉर्डाच्या कारकुनाचा फोन ठरलेला. काका, सोमवारी सकाळी आठला या, अंघोळ करून या, आणि नवीन काही आणू नका. नवीन म्हणजे नवीन दुखणं. पेशंटाने ऐनवेळी वेगळं काही सांगितलं की मुलं गोंधळतात, परीक्षक वैतागतात आणि कारकुनाची यादी चुकते. त्या यादीत माझ्यापुढे टाइप केलेलं असायचं, खाट चार, मायट्रल. ती यादी परीक्षकांच्या हातात असायची. मीही शहाण्यासारखा ठरलेली कहाणी पाठ म्हणायचो. लहानपणी सांधे, मग ताप, मग जिना चढताना धाप, गोळ्या चालू, बाकी ठणठणीत. एखादं पोर फारच थरथरायला लागलं की हळूच सांगायचो, बाळ, मला डावीकडे वळव, नळीची लहान बाजू लाव, दाबू नकोस, आता ऐक. नियमात बसत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. खाट दोनचे यकृतवाले आजोबा तर पोर जवळ यायच्या आतच सांगून टाकायचे, तीन बोटं वाढलंय लिही बाळ, तीन बोटं.

खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. या शहरातल्या अर्ध्या डॉक्टरांनी हृदय म्हणजे काय ते माझ्या छातीवर शिकलंय, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. काकू म्हणायची, स्वतःचं दुखणं मिरवणारा हा एकच माणूस मी पाहिलाय.

पण गेल्या काही वर्षांत काहीतरी बदलत गेलं, ते मला दुकानात बसून दिसत होतं. तुमच्या जागा दुप्पट झाल्या, खाटा होत्या तेवढ्याच राहिल्या. एका खाटेभोवती वीस जण उभे राहिले तर मागच्या दहांना काय ऐकू येणार, पुढच्याची पाठ? मग पोरं वॉर्डात येईनाशी झाली. हजेरीपुरती यायची आणि वाचनालयात जाऊन बसायची, कारण पुढची परीक्षा चार पर्यायांतून एक निवडायची. त्या चारांत माझी घरघर कुठून येणार? मोबाइलवर दुप्पट वेगाने धावणारे धडे ऐकत पोरं माझ्या दुकानात यायची, एका कानात शिक्षक आणि दुसऱ्या कानाने माझ्याशी घासाघीस. थिसिस बांधायला आणायची तर तेही मला वाचता वाचता ओळखीचे वाटायचे. शेवटच्या पानावरचा निष्कर्ष मी सलग तीन वर्षं शिवलाय, कापडाचा रंग तेवढा बदलला. आणि कॉलेजची मान्यता तपासणारं पथक यायचं त्या दिवशी तर मजाच. कारकून दुकानात येऊन मला घेऊन जायचा आणि रिकाम्या खाटेवर आडवं करायचा. त्या दिवशी मला काहीही झालेलं नसायचं, आणि पलीकडच्या टेबलावर जे डॉक्टर बसलेले असायचे त्यांना मी त्याआधी कधी पाहिलेलं नसायचं आणि नंतरही दिसायचे नाहीत. मी हसून घरी यायचो. तेव्हा मला त्यात गंमतच वाटायची.

आता तो सोमवार. तुझ्या आधी पंधरा नंबर आली, म्हणजे तुझी मैत्रीण. तिचे हात गार पडले होते. मी तिला सगळं सांगितलं, तिने सगळं लिहिलं, परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले आणि ती सुटली. मग तू आलीस. तुझ्या नळीला एका जागी चीर गेली होती आणि तिथे तू निळी पट्टी गुंडाळली होतीस. बाइंडरच्या नजरेला अशी गोष्ट आधी दिसते. पट्टी नीट गुंडाळलेली होती, कडा सुटलेली नव्हती. तू नळीचं तोंड तळहातात धरून ऊन केलंस आणि सगळ्यात आधी माझं नाव विचारलंस. बावीस वर्षांत ते कोणी विचारलं नव्हतं. मी हसून म्हणालो, खाट चार. तू हसली नाहीस, उत्तराची वाट बघत राहिलीस, आणि मी ते दिलंच नाही.

मग तू माझे दोन्ही हात हातात घेऊन बराच वेळ नाडी बघितलीस. खालची पापणी ओढून पाहिलीस. नखं पाहिलीस. उजव्या हाताच्या दोन नखांखाली काळपट लाल बारीक रेघा होत्या, कुसळ रुतल्यासारख्या. हे काय म्हणून विचारलंस. मी म्हणालो, बाइंडरची सुई लागते, धंद्याची खूण आहे. तू विचारलंस, ताप येतो का? मी म्हणालो नाही. वजन उतरलंय का? नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांत दात वगैरे काढलाय का? नाही, बाळ, नाही.

तिन्ही उत्तरं खोटी होती. परीक्षेच्या दीड महिना आधी मी दाढ काढली होती. जगभर स्वतःचं हृदय मिरवणारा मी, दातवाल्याला मात्र त्याबद्दल अवाक्षर बोललो नव्हतो, कारण त्याने लगेच चिठ्ठी लिहून समोर पाठवलं असतं आणि माझे दिवस थिसिसच्या गर्दीचे होते. त्यानंतर रोज संध्याकाळी अंग कसकसायचं. पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. आणि नखांखालच्या रेघा सुईच्या नव्हत्या हे मला कळत होतं, चाळीस वर्षं सुई धरतोय, सुई कुठे लागते ते मला ठाऊक नाही होय? मी कारकुनाचं ऐकून नवीन काही आणलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर मी भ्यायलो होतो. तू नखं बघताना तुझा चेहरा बदलला तो मला दिसला होता.

मग तू मला उठून बसायला सांगितलंस. पुढे वाका, श्वास पूर्ण सोडा, धरून ठेवा. छातीच्या मधल्या हाडाला लागून डावीकडे नळीची मोठी बाजू दाबून ठेवलीस आणि डोळे मिटलेस. एकदा, दोनदा, चार वेळा. मला धाप लागली तेव्हा थांबलीस, पाठीवर हात ठेवलास आणि मी सावरल्यावर पुन्हा ऐकलंस. तुझा वेळ संपत आला होता. मी कुजबुजलो, एकच झडप आहे बाळ, मायट्रल, कोणालाही विचार, लिही आणि मोकळी हो. तू हळूच म्हणालीस, काका, मला दोन आवाज येतायत. एक घरघर आहे ती खालची, आणि वर एक अगदी बारीक आहे, कोऱ्या कागदावरून हात फिरवल्यासारखा. मी तुझ्या हातावर थोपटलं आणि म्हणालो, कान नवीन आहेत, होतं असं.

पोरी, ते वाक्य माझं होतं. परीक्षक आले तेव्हाही मी ते पुन्हा म्हणालो. बाहेरून आलेल्या त्या डॉक्टरांना जेवणाच्या सुट्टीआधी चोवीस जण संपवायचे होते, गळ्यातली नळी त्यांनी कानाला लावलीच नाही. तू दोन झडपा म्हणालीस तेव्हा त्यांनी यादीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून थट्टेने विचारलं, काय काका, किती झडपा बिघडल्यात तुमच्या? मी छाती फुगवून म्हणालो, एकच साहेब. कान नवीन आहेत पोरीचे, शिकेल हळूहळू. सगळे हसले. त्यांच्या शेजारी उभे असलेले मोठे सरही हसले. तू तेवढंच म्हणालीस की मला जे ऐकू आलं ते मी लिहिलंय, सर. कागद देऊन गेलीस तेव्हा जाताना माझ्या पायावरची चादर सारखी करून गेलीस. मला वाटलं, एक दिवस रुसेल आणि विसरेल.

त्या शनिवारी विभागातून कागदांचा गठ्ठा दुकानात आला. प्रात्यक्षिकात तुम्ही लिहिलेल्या केसचे कागद वर्षाकाठी बांधून ठेवतात, ते काम माझ्याकडेच असतं. वाचायचे नसतात. पण सोळा नंबर दिसला आणि हात थांबला. इंग्रजीत होतं, पण ही इंग्रजी बावीस वर्षं माझ्याच छातीवरून लिहिली गेलीय, तेवढी मला कळते. तू लिहिलं होतंस की जुनी झडप आहेच, पण दुसऱ्या झडपेचा आवाज नवा असावा. नखांखाली रेघा आहेत, रुग्ण म्हणतो सुईच्या आहेत. झडपेला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, रक्त तपासावं. आणि अगदी खाली, रुग्णाला तापाबद्दल पुन्हा विचारावं. पुन्हा या शब्दावर मी अडलो. म्हणजे मी खोटं बोलतोय हे तुला कळलं होतं आणि तरी तू माझ्यावर चिडली नव्हतीस. वरून लाल शाईची आडवी रेघ होती. मी काय केलं सांगू? पानं ठोकून सारखी केली, भोकं पाडली आणि तुझं पान इतरांबरोबर शिवून टाकलं. अंगात त्या वेळीही ताप होता.

त्यानंतर दोन आठवड्यांनी दुकानाच्या पायरीवरच कोसळलो. काकूने आणि झेरॉक्सवाल्याने मिळून रस्ता ओलांडून दिला, बावीस वर्षांपूर्वीचाच रस्ता. रक्तात जंतू निघाले. दाढेच्या जखमेतून शिरून ते दुसऱ्या झडपेवर जाऊन बसले होते आणि तिला कुरतडत होते. सहा आठवडे शिरेतून औषध चालू आहे. जंतू गेले, पण झडप गेली ती गेलीच. लवकर आला असता तर वाचली असती का, असं मी विचारलं. हृदयाचे डॉक्टर सज्जन आहेत, ते म्हणाले की आता त्याचा विचार करू नका.

रोज सकाळी रक्त काढायला कोण येतं माहीत आहे? पंधरा नंबर. तुझी नळी तिच्या गळ्यात असते, निळी पट्टी बघून मी ओळखली. मी विचारलं, ही तुझ्याकडे कशी? तेव्हा तिने तुझी सगळी हकिकत सांगितली, खोकी, जाताना तिच्याकडे टाकून दिलेली नळी, चष्म्याचं दुकान, आणि ते कानांचं. सांगता सांगता रडायला लागली. म्हणाली, काका, मला परीक्षेत काहीच ऐकू आलं नव्हतं. एकही नाही आणि दोनही नाहीत. तुम्ही सांगितलंत ते मी लिहिलं आणि पास झाले. जिला दोन आवाज आले ती घरी बसलीय. तिचं घोडं मीच पुढे ढकललं होतं. आता ती ड्यूटी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं येते, मला पुढे वाकवते आणि डोळे मिटून ऐकते. पहिले चार दिवस मान हलवत राहिली. पाचव्या दिवशी तिला तो आवाज सापडला.

मोठे सर राउंडला आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. दाढ, ताप, पट्ट्याची भोकं, सगळं. काकूकडून तो बांधलेला खंड मागवून घेतला होता, अजून पोचवायचा राहिला होता. तुझं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि दोनदा वाचलं. मग उठले, मला पुढे वाकवलं, श्वास सोडायला लावला आणि ऐकलं. नंतर नळी खिशात घालता घालता म्हणाले, काका, गेल्या अकरा वर्षांत मी तुम्हाला असं बसवलेलं नाही. दर वेळी यादी बघून पुढे गेलो. मी त्यांना एवढी वर्षं ओळखतो, पण त्या दिवशी मला त्यांची कीव आली आणि माझीही आली.

निकाल बदलेल असं मात्र समजू नकोस. मी विचारलं. गुण बंद झाले की ते उघडत नाहीत, नियमच तसा आहे. सरांनी विद्यापीठाला लेखी कळवलंय, पण त्याची आशा धरू नका असंही ते म्हणाले. ते स्वतः तुला पत्र लिहिणार होते. मी म्हणालो, थांबा साहेब, आधी माझा नंबर. पुरवणी परीक्षेला आता जुन्या पेशंटांना बोलावायचं नाही, वॉर्डातलेच पेशंट द्यायचे आणि परीक्षकाने आधी स्वतः तपासायचं, एवढं त्यांनी आपल्या विभागापुरतं ठरवलंय. यकृतवाले आजोबा यावर नाराज आहेत.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो, हात दुखायला लागलाय. येत्या गुरुवारी सकाळी सातला मला ऑपरेशनला नेणार आहेत. दोन्ही झडपा काढून धातूच्या बसवतील. मी घाबरलोय, हे तुझ्याशी खोटं बोलणार नाही, एकदा बोललो तेवढं पुरे. सगळं नीट झालं तर माझ्या छातीत घड्याळासारखी टिकटिक येईल आणि नीट नाही झालं तर काहीच येणार नाही. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. ती घरघर आणि तू ऐकलेला तो बारीक आवाज, गुरुवारनंतर दोन्ही या जगात नसतील. कागदावर तू बरोबर होतीस हे सर सांगतील, मैत्रीण सांगेल, मीही सांगतोय. पण तुझ्या कानांना ते कोण सांगणार? ते काम फक्त माझी छाती करू शकते आणि तेही बुधवार संध्याकाळपर्यंतच. म्हणून ये. हे पत्र तुला सोमवारी मिळेल, म्हणजे हातात दोन दिवस आहेत. तुझी नळी मी पंधरा नंबरकडून मागून घेतलीय, उशाशी ठेवलीय. या वेळी तू विचारशील त्याची खरी उत्तरं देईन, पुढे वाकेन, श्वास सोडेन आणि तू म्हणशील तोवर धरून ठेवेन. तुला जे ऐकू येईल ते ऐक, आणि मग शुक्रवारी त्या फॉर्मचं काय करायचं ते तुझं तू ठरव. मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. आणि हो, त्या दिवशी तू माझं नाव विचारलं होतंस, ते सांगायचं राहिलंय. आलीस की सांगतो.

तुझाच,
खाट चार
(गुरुवारपर्यंत मायट्रल काका)